रानातले झाड, काचेतले रोप

प्रास्ताविक

कोकणातील एखाद्या बागेत हापूसची पन्नास कलमे ओळीने उभी असतात. त्यांच्या फळांचा रंग, वास आणि चव जवळजवळ सारखीच असते. त्याच बागेच्या कडेला रायवळ आंब्याची पाच झाडे असतील, तर एकाचे फळ साखरेसारखे गोड, दुसऱ्याचे आंबट, तिसऱ्याचे रेषाळ, अशा पाच तऱ्हा अनुभवास येतात. हा फरक का पडतो? कलम हे एकाच मूळ झाडाचे अंग असते. कोयीतून उगवलेले झाड मात्र बहुधा दोन झाडांच्या संयोगातून जन्मलेले असते आणि म्हणून ते दोघांहूनही वेगळे असते.

बागेतील ही साधी गोष्ट औषधी वनस्पतींच्या बाबतीत जीवनमरणाची ठरू शकते. प्रस्तुत पाठात सह्याद्रीच्या रानातील नरक्या या वृक्षाच्या उदाहरणावरून हा विषय मांडला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• जनुकीय विविधता म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• ऊतिसंवर्धनाने तयार झालेली रोपे आणि रानातील झाडे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सारख्या रोपांचे फायदे व धोके यांची तुलना करता येईल.
• शास्त्रीय विषयावरील मराठी लेखनातील पारिभाषिक शब्द ओळखून त्यांचा वापर करता येईल.

मूळ पाठ

१. रानातील एक दुर्लक्षित वृक्ष

पश्चिम घाटाच्या सदाहरित व निमसदाहरित रानांत नरक्या नावाचा एक लहानसा वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंध येतो. घर बांधण्यासाठी त्याचे लाकूड कोणी मुद्दाम शोधत नसे. रानात शिरणारा माणूस त्याच्याजवळून सहज पुढे निघून जाई. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ असे म्हणतात. त्यातील ‘निम्मोनियाना’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात मुंबईत राहून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या जोसेफ निम्मो यांच्या नावावरून आला आहे.

पुढे याच वृक्षाला बाजारात ‘अमृता’ हे नाव मिळाले. ज्याच्या नावात ‘नरक’ होता, त्याच्याच नावात ‘अमृत’ आले. या नामांतरामागे एका औषधाचा इतिहास आहे.

२. औषधाचा शोध आणि झाडावरील संकट

१९६६ मध्ये अमेरिकेतील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ‘कॅम्प्टोथेका’ नावाच्या एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबार येथे झाला होता आणि त्यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी हेच द्रव्य नरक्यातही असल्याचे दाखवून दिले.

हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर कसे परिणाम करते? पेशीचे विभाजन होताना तिच्यातील डीएनएच्या धाग्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. दोरीचे पीळ सोडवू लागले की पुढचा भाग अधिकच आवळला जातो. डीएनएच्या धाग्याचेही तसेच होते. हा ताण कमी करण्यासाठी पेशीतील एक विकर धाग्याला तात्पुरता छेद देते आणि पीळ सैल झाल्यावर तो पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन या विकराला मध्येच अडकवून ठेवते. छेद दिला जातो, पण तो सांधला जात नाही. अशा अवस्थेत विभाजन सुरू झाले की पेशी नष्ट होते. कर्करोगाच्या अनेक पेशी वेगाने विभाजित होत असल्यामुळे त्यांना याचा मोठा फटका बसतो.

मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नसे आणि त्याचे दुष्परिणामही तीव्र होते. म्हणून त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे तयार करण्यात आली. १९९६ मध्ये या दोन्ही औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. टोपोटेकॅन अंडाशयाच्या व फुप्फुसाच्या, तर आयरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाते. ही औषधे तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. झाडाचा पाला किंवा साल घरी उकळून घेणे हा उपचार नव्हे. ते जिवावर बेतू शकते.

औषध मिळाले आणि झाडावर संकट आले. खोड व मुळे यांचे तुकडे करून, ते वाळवून विकले जाऊ लागले. व्यापारी माल वजनावर घेत असल्यामुळे जितके मोठे झाड, तितका अधिक पैसा मिळे. फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटण्याची आशा असते. मूळच खणून काढले की ते कायमचे संपते. ज्यांच्या हाती कुऱ्हाड होती, त्यांना फार थोडी मजुरी मिळाली. सह्याद्रीच्या कित्येक भागांतून मात्र बी धरणारी जुनी झाडे दिसेनाशी झाली.

३. सारखी दिसणारी, पण सारखी नसलेली झाडे

नरक्याची झाडे वरवर पाहता एकसारखीच दिसतात. तथापि, पश्चिम घाटाच्या निरनिराळ्या भागांतील झाडांची तपासणी केल्यावर शास्त्रज्ञांना आढळले, की काही झाडांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण अत्यल्प असते, तर काहींत ते कित्येक पटींनी अधिक असते.

या फरकामागे दोन कारणे संभवतात. पहिले कारण परिस्थितीचे. झाडाचे वय, ऋतू, माती, पाणी व ऊन यांनुसार द्रव्याचे प्रमाण बदलते. दुसरे कारण आनुवंशिकतेचे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत जनुके असतात आणि ती आईवडिलांकडून संततीकडे जातात. एकाच जातीच्या दोन झाडांत एकाच जनुकाची किंचित वेगवेगळी रूपे असू शकतात. एका जातीच्या सर्व झाडांत मिळून जनुकांची जी निरनिराळी रूपे आढळतात, त्या साठ्याला ‘जनुकीय विविधता’ असे म्हणतात.

कोणता फरक परिस्थितीमुळे आणि कोणता जनुकांमुळे, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी वेगवेगळ्या रानांतील झाडांपासून मिळवलेली रोपे एकाच जागी, एकाच मातीत वाढवतात. माती, पाणी आणि वय सारखे असूनही फरक कायम राहिला, तर त्याचे मूळ बहुतांशी जनुकांत आहे असे समजावे.

नरक्याच्या काही झाडांवर नर फुले, काहींवर मादी फुले, तर काहींवर उभयलिंगी फुले येतात. परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात आणि प्रत्येक बीमध्ये जनुकांची नवी जुळणी होते. म्हणून रानात उगवलेले प्रत्येक रोप रायवळ आंब्यासारखे स्वतंत्र असते. शेकडो झाडे तोडली जातात, तेव्हा केवळ लाकूड जात नाही. ज्या जुळण्या अद्याप कोणी तपासलेल्याही नाहीत, त्या नाहीशा होतात.

पाठगत प्रश्न १

(अ) कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे ______ मध्ये दाखवून देण्यात आले. (१९६६ / १९७२ / १९९६)
२. कॅम्प्टोथेसिन पेशीतील एका ______ अडकवून ठेवते. (संप्रेरकाला / विकराला / परागकणाला)

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
वेगवेगळ्या रानांतील रोपे एकाच मातीत का वाढवतात?

४. काचपात्रातील रोपे

रानातील झाडे कमी होऊ लागल्यावर प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. या पद्धतीला ‘ऊतिसंवर्धन’ असे म्हणतात. वनस्पतीची एक पेशी किंवा छोटासा भाग योग्य आहारावर वाढवता यावा, ही कल्पना १९०२ मध्ये गॉटलिब हाबरलांट या शास्त्रज्ञाने मांडली होती. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक द्रव्यांचे जे मिश्रण सुचवले, ते आजही जगभर वापरले जाते.

प्रथम निवडलेल्या झाडाची कळी किंवा कोवळ्या फांदीचा पेराजवळचा तुकडा घेऊन तो निर्जंतुक करतात. मग क्षार, साखर, जीवनसत्त्वे व संप्रेरके असलेल्या आहारावर तो काचपात्रात ठेवतात. काही आठवड्यांत त्याला अनेक कोंब फुटतात. कोंब वेगळे करून पुन्हा वाढवले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. शेवटी त्यांना मुळे फुटतात आणि रोपे हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करून मातीत लावली जातात. एका लहानशा खोलीत हजारो रोपे तयार होऊ शकतात.

दुसऱ्या प्रकारात तुकड्यापासून कोंब न काढता पेशींचा एक ओबडधोबड गोळा वाढू देतात. त्याला ‘कॅलस’ म्हणतात. कॅलसपासून रोपे तयार करता येतात, किंवा त्या पेशींकडूनच औषधी द्रव्य मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. नरक्याच्या पेशी अशा रीतीने वाढवण्याचे प्रयोग भारतातही झाले आहेत. परंतु झाड जे द्रव्य रानात सहज साठवते, तेच निराकार पेशींच्या गोळ्याकडून पुरेशा प्रमाणात मिळवणे कठीण जाते.

५. प्रतींचे बळ आणि प्रतींची दुर्बलता

कळीपासून वाढवलेली रोपे सामान्यतः मातृवृक्षाच्या हुबेहूब प्रती असतात. हे त्यांचे बळ होय. भरपूर द्रव्य असलेले झाड सापडले, तर त्याच गुणाची हजारो रोपे तयार करता येतात. लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला पिकाचा अंदाज बांधता येतो आणि औषध तयार करणाऱ्याला सारख्या प्रतीचा कच्चा माल मिळतो. मुख्य म्हणजे रानावरील भार हलका होतो.

पण जे बळ, तीच दुर्बलता. सर्व रोपे सारखी असतील, तर एखादा रोग एका रोपाला मारू शकतो तसा तो सर्वांनाच मारू शकतो. बटाट्याचे पीक बियांपासून नव्हे, तर कंदांपासून घेतले जाते. म्हणजे तेही प्रतींचेच पीक असते. आयर्लंडमधील गरीब शेतकरी मुख्यतः एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होते. १८४५ पासून तेथे करप्याचा रोग पसरला आणि त्या वाणापाशी रोगाचा प्रतिकार करणारी जनुके नव्हती. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीला राज्यकर्त्यांची धोरणेही कारणीभूत होती. पण शेतातील एकसारखेपणाने तिचा मार्ग सोपा केला.

कॅलसपासून तयार केलेल्या रोपांची गोष्ट थोडी निराळी आहे. पेशींच्या अनियंत्रित वाढीत जनुकांमध्ये व गुणसूत्रांमध्ये अकल्पित बदल होऊ शकतात. त्यामुळे एकाच तुकड्यापासून निघालेली रोपेही परस्परांहून वेगळी निघतात. १९८१ मध्ये लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी या प्रकाराला ‘सोमाक्लोनल विविधता’ असे नाव दिले. मग प्रयोगशाळेतच विविधता निर्माण होते, असे म्हणून निश्चिंत व्हावे काय? तसे म्हणता येत नाही. हे बदल आंधळे असतात आणि त्यांतील कित्येक निरुपयोगी किंवा घातक असतात. रानातील विविधता मात्र असंख्य पिढ्यांच्या ऊन, पाऊस, कीड आणि रोग यांच्या कसोटीला उतरलेली असते.

६. सारखेपणा कसा ओळखतात?

रोपे खरोखर सारखी आहेत की नाहीत, हे केवळ पाने पाहून समजत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पानांतून डीएनए वेगळा करतात, त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती वाढवतात आणि विजेच्या साहाय्याने ते तुकडे लांबीप्रमाणे एका मऊ थरावर वेगळे करतात. त्यामुळे पट्ट्यांची एक नक्षी दिसू लागते. मातृवृक्षाची आणि रोपाची नक्षी जुळली, तर रोप ही प्रत असल्याचा विश्वास वाढतो. रानातील झाडांच्या नक्षींत मात्र ठिकठिकाणी फरक दिसतात. त्या फरकांवरून कोणत्या रानात विविधता अधिक आहे याचा अंदाज येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ती डीएनएचा अगदी थोडा भाग पाहते. पुस्तकाची चार पाने जुळली म्हणून सारे पुस्तक जुळले असे होत नाही. तसेच येथे समजावे.

पाठगत प्रश्न २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. कळीपासून वाढवलेली रोपे सामान्यतः मातृवृक्षासारखी असतात.
२. कॅलसपासून निघालेली सर्व रोपे नेहमी एकसारखीच असतात.
३. पट्ट्यांची नक्षी पाहून संपूर्ण डीएनए वाचता येतो.

(आ) ‘पण जे बळ, तीच दुर्बलता’ या विधानाचा अर्थ दोन-तीन वाक्यांत लिहा.

७. रान आणि प्रयोगशाळा यांचे नाते

समजा, एका रोपवाटिकेत नरक्याची १०,००० रोपे आहेत आणि ती सर्व एकाच झाडाच्या कळ्यांपासून तयार केलेली आहेत. दुसऱ्या रोपवाटिकेत अवघी ५०० रोपे आहेत. पण ती निरनिराळ्या रानांतील ५० झाडांच्या बियांपासून वाढवलेली आहेत. कोणत्या रोपवाटिकेने नरक्या अधिक राखला? संख्येने पहिली मोठी आहे. परंतु तिच्यात एकाच झाडाचा वारसा आहे. दुसरीत पन्नास मातृवृक्षांचा आणि त्यांच्याशी संयोग झालेल्या इतर झाडांचाही. उजाड झालेल्या रानात पुन्हा नरक्या लावावयाचा असेल, तर दुसऱ्या रोपवाटिकेकडेच जावे लागेल. शेतात एकसारखे पीक घ्यावयाचे असेल, तर पहिलीची रोपे उपयोगी पडतील. म्हणून रोपे किती, या प्रश्नाबरोबरच ती किती मातृवृक्षांपासून आली, हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुर्मीळ जनुक कोठे दडलेले असेल, हे आधी सांगता येत नाही. १९७०च्या सुमारास आशियातील भातशेतीवर झाडे खुरटवणारा एक विषाणुजन्य रोग आला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. या रोगाला दाद न देणारी जनुके रानटी भाताच्या एकाच नमुन्यात सापडली आणि तो नमुना उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. तो गोळा होण्याआधीच नष्ट झाला असता, तर प्रयोगशाळेला ते जनुक कोठून आणता आले असते?

भारतात हा वारसा राखण्याचे प्रयत्न निरनिराळ्या पातळ्यांवर चालू आहेत. १९९३ पासून कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या राज्यांत वनविभागाच्या साहाय्याने औषधी वनस्पतींसाठी संरक्षित वनक्षेत्रे राखण्यास सुरुवात झाली. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो बियाणे व काचपात्रातील रोपे यांचे संग्रह सांभाळते. २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापण्याची तरतूद केली. गावाच्या परिसरातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समित्यांचे काम आहे.

या नोंदवहीत पदवीधरांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, रानात वावरणाऱ्या माणसांचे ज्ञान उपयोगी पडते. कोणत्या ओढ्याकाठी नरक्याची जुनी झाडे आहेत, कोणत्या झाडाला भरपूर फळे धरतात, कोणत्या डोंगरावर गेल्या काही वर्षांत एकही नवे रोप दिसलेले नाही, हे त्यांना ठाऊक असते. प्रयोगशाळा त्या झाडांपैकी एखाद्याच्या हजार प्रती करून देईल; परंतु कोणत्या झाडाची प्रत करावयाची, ही निवड करण्यासाठी रान शिल्लक असावे लागते. काचेतले रोप रानातल्या झाडाचा भार हलका करू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

शब्दार्थ

विकर – पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य
संप्रेरक – वाढीचे नियमन करणारे द्रव्य
ऊती – सारखे कार्य करणाऱ्या पेशींचा समूह
मातृवृक्ष – ज्याच्यापासून रोपे किंवा बिया घेतल्या ते झाड
वाण – पिकाचा विशिष्ट प्रकार
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

भाषाभ्यास

१. ‘मातृवृक्ष’, ‘परागकण’, ‘काचपात्र’ हे सामासिक शब्द आहेत. त्यांचा विग्रह करा.
२. ‘निर्जंतुक’ या शब्दात ‘निर्’ हा उपसर्ग आहे. ‘दुर्लक्ष’, ‘दुर्गंध’, ‘निरुपयोगी’ या शब्दांतील उपसर्ग ओळखा आणि त्याच उपसर्गांचे प्रत्येकी दोन शब्द लिहा.
३. ‘जिवावर बेतणे’ आणि ‘कसोटीला उतरणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• एकाच जातीची झाडे दिसायला सारखी असली, तरी त्यांच्या जनुकांत व औषधी द्रव्याच्या प्रमाणात फरक असतो.
• ऊतिसंवर्धनाने एका झाडाच्या असंख्य प्रती करता येतात. लागवडीसाठी त्यांचा उपयोग होतो.
• प्रतींची संख्या वाढली म्हणून विविधता वाढत नाही.
• औषधी वनस्पती टिकवण्यासाठी रानाचे रक्षण आणि प्रयोगशाळेतील काम या दोहोंची गरज आहे.

पाठान्त प्रश्न

१. नरक्याला बाजारात ‘अमृता’ हे नाव मिळण्यामागील इतिहास थोडक्यात लिहा.
२. हापूसचे कलम व रायवळ आंबा यांच्या उदाहरणावरून जनुकीय विविधता स्पष्ट करा.
३. दोन रोपवाटिकांच्या उदाहरणातून कोणता विचार मांडला आहे?
४. ‘रानात वावरणाऱ्या माणसाचे ज्ञान शास्त्रालाही उपयोगी पडते.’ तुमच्या परिसरातील एखादे उदाहरण देऊन आठ-दहा ओळी लिहा.
५. तुमच्या भागात मिळणाऱ्या एखाद्या औषधी वनस्पतीविषयी जाणत्या व्यक्तीशी बोला. ती पूर्वी कोठे मिळत असे, आता कोठे मिळते, याची नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. १९७२ २. विकराला (आ) झाडांतील फरक परिस्थितीमुळे आहे की जनुकांमुळे, हे समजावे म्हणून.

२. (अ) १. बरोबर २. चूक ३. चूक (आ) रोपे सारखी असल्यामुळे सर्वांत चांगला गुण उतरतो आणि पिकाचा अंदाज बांधता येतो. पण त्याच सारखेपणामुळे एकच रोग सर्व रोपांचा नाश करू शकतो.